शिळेवरची तारीख, वहीतली तारीख : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्थानिक दफ्तरे आणि दफनभूमी यांच्या आधाराने घराण्याचा शोध कसा घ्यावा, या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपला सूर कडक आहे. पण मुद्दे नेमके आहेत, आणि त्यांतल्या एकाला तर माझ्याजवळ उत्तरच नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : अक्षरे वाचता यावीत म्हणून झिजलेल्या समाधिशिळेवर खडू फिरवण्याचा माझा सल्ला घातक आहे, खापरपणजीच्या मृत्यूची कुटुंबाने दगडात कोरून ठेवलेली तारीख बाजूला सारून मी एका कारकुनाच्या वहीवर विश्वास ठेवला, तोही इंटरनेटवरच्या चौदा वंशावळी शिळेच्या बाजूने असताना, नोंदवह्या स्वतःच अविश्वसनीय असतात, आणि सारे दफ्तर घरबसल्या दिसत असताना कबरींमधून हिंडणे ही निव्वळ हौस आहे.

खडूचा मुद्दा आधी घेते, कारण तेथे चूक माझी आहे. खडूची पूड दगडाच्या छिद्रांत जाऊन बसते, घासताना पृष्ठभागाचे सुटे कण निघून येतात, आणि वालुकाश्माचे पापुद्रे आधीच सुटत आलेले असतील तर हाताच्या एका फिरण्याने अख्खी ओळ गळून पडू शकते. संगमरवराचेही तेच. तो आम्लाने विरघळतो. शहरांतल्या जुन्या संगमरवरी शिळांवर बोट फिरवले तर ती साखरेसारखी खरखरीत लागते, ती पावसातल्या आम्लामुळे. काही जण दाढीचा फेस लावतात, ते तर खडूहूनही वाईट. पाटीच्या दगडावरची अक्षरे दोनशे वर्षांनीही धारदार राहतात. पण प्रत्येकाच्या पूर्वजांना पाटीचा दगड मिळालेला नसतो.

मी स्वतः आता एक लांबट आरसा घेऊन जाते. शिळा सावलीत असताना आरशाने तिच्यावर बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाईल असे ऊन पाडले की प्रत्येक खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि समोरून ३ वाटणारा इंग्रजी आकडा ८ असल्याचे लक्षात येते. ढगाळ दिवशी हेच काम विजेरीने होते. दगडाला बोटही लावावे लागत नाही. खडूचा परिच्छेद मी लेखातून काढून टाकला आहे.

आता शिळेकडे येते. ‘दगडावर खोटे कोण कोरील?’ असे आपण विचारले आहे. खोटे कोणीच कोरीत नाही. प्रश्न खरेखोटेपणाचा नसून, ती ओळ कोणी सांगितली, केव्हा सांगितली आणि ते त्याला कसे ठाऊक होते, हा आहे. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. बखर लिहिणारा लबाड असतो असे नव्हे, पण तो घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, आठवणीच्या आणि ऐकीव गोष्टींच्या भरवशावर लिहीत असतो. पुष्कळशा समाधिशिला या अर्थाने बखरी आहेत.

माझ्या खापरपणजीच्या शिळेवर तिचा मृत्यू ९ मार्च १८७४ रोजी झाल्याचे कोरले आहे. त्याखाली खापरपणजोबांचे नाव आहे आणि त्यांचे वर्ष १८८९. शिळेपुढे उकिडवे बसून पाहिले तर दोन्ही नावांची अक्षरे एकाच वळणाची, एकाच खोलीची आणि सारखीच झिजलेली दिसतात. आकडे कोरणाऱ्याची १च्या आकड्याला शेपटी देण्याची लकबसुद्धा सगळीकडे तीच. दोन्ही नावे एकाच माणसाने एकाच वेळी कोरली, याचा अर्थ शिळा १८८९ नंतरची आहे. ती मुलाने उभारल्याचे तिच्यावरच लिहिलेले आहे. हा मुलगा आई गेली तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. म्हणजे आपण ज्याला कुटुंबाची साक्ष म्हणता, ती एका प्रौढ माणसाने निदान पंधरा वर्षांनंतर दिलेली साक्ष आहे, आणि तीही अशा घटनेबद्दल की जी त्याला स्वतःला आठवणे शक्य नव्हते.

त्याच दफनभूमीच्या दफन-नोंदवहीत तिच्या दफनाची तारीख ११ मार्च १८७३ आहे. ही नोंद मागाहून कोठेतरी कोंबलेली नाही. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदीही १८७३च्या मार्चमधल्याच आहेत आणि अनुक्रमांक सलग आहेत. मृत्यूनंतर दोन दिवसांनी दफन धरले तर दिवस जुळतो, महिना जुळतो, चुकते ते फक्त वर्ष. आठवण अशीच चुकते, वर्षश्राद्धाचा दिवस पक्का आणि साल मात्र मागेपुढे. एवढ्यावरही मी थांबले नसते, कारण वहीविरुद्ध शिळा अशी एकास एक साक्ष झाली तर निकाल देणे धाडसाचेच असते. पण तिसरा कागद सापडला. जानेवारी १८७४ मध्ये खापरपणजोबांनी दुसरे लग्न केले आणि विवाह-नोंदवहीत त्यांची स्थिती ‘विधुर’ अशी लिहिली आहे. शिळेवरचे साल खरे धरायचे तर पत्नीच्या मृत्यूच्या दोन महिने आधी ते विधुर झाले होते असे मानावे लागेल.

राहिला चौदा वंशावळींचा प्रश्न. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकलकार लिहीत असत, ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’, जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक पोथ्यांची संख्या मोजत नाही. त्यांतल्या सामाईक चुका शोधतो, कारण दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा असतो. आपण पाठवलेल्या चौदाही वंशावळी मी उघडून पाहिल्या. चौदांतही आमच्या आडनावात एक अक्षर कमी आहे, आणि अगदी तेच अक्षर शिळेच्या एका जुन्या ऑनलाइन प्रतिलेखात गळलेले आहे. तेव्हा ही एकाच साक्षीदाराची चौदा प्रतिध्वनींतली साक्ष आहे, आणि तो साक्षीदारही शिळा नसून शिळा घाईत वाचणारा कोणी स्वयंसेवक आहे.

नोंदवह्यांवरचा आपला आक्षेप मात्र मला तत्त्वतः मान्य आहे. वहीसुद्धा माणसाच्याच हातची. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे, दफनाची तारीख ही मृत्यूची नव्हे, आणि नावे कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी उतरतात. इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा आहे आणि १५९८ पासून त्यांच्या नकला दरवर्षी बिशपकडे पाठवाव्या लागत. मूळ वही आणि ही नक्कल शेजारी ठेवून पाहिल्या तर एकीतले नाव दुसरीत वेगळे दिसल्याचे अनुभव शोध घेणाऱ्या बहुतेकांना आलेले असतात. तेथील १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचनाच होती, त्यामुळे एकोणचाळीस वर्षांचा माणूस पस्तीसचा झाला. मृत्यूच्या नोंदीत जन्माविषयी जे लिहिलेले असते, ते तर सर्वांत कच्चे, कारण जो सांगू शकला असता तोच उरलेला नसतो. स्कॉटलंडच्या १८५५ पासूनच्या मृत्यूनोंदींत मृताच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, मिळतात. शोधकर्त्याला ती सोन्यासारखी वाटतात, पण ती सांगणारा बहुधा मुलगा किंवा जावई असतो, आणि त्याने त्या आजीला कधी पाहिलेलेही नसते.

परंतु वह्या खोट्या ठरवण्यासाठी आपण जे उदाहरण दिले आहे, ते वहीच्या बाजूनेच साक्ष देते. इंग्लंडमधल्या एका नोंदवहीत एका जोडप्याचे लग्न जून १७४८ मध्ये आणि त्यांच्या पहिल्या अपत्याचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७४८ मध्ये आहे, म्हणजे मूल लग्नाआधीचे किंवा वही चुकीची, असे आपण लिहिले आहे. दोन्ही नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. डिसेंबर १७४८ नंतर जानेवारी १७४८, मग फेब्रुवारी १७४८, आणि मार्चच्या अखेरीस १७४९, असा तो क्रम होता. १७५२ पासून वर्षारंभ १ जानेवारीवर आला, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरचा दुसरा दिवस १४ सप्टेंबर धरून अकरा दिवस गाळले गेले. आपल्या जोडप्याचा तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने १७४९चा, लग्नानंतर आठ महिन्यांनी आलेला आहे. शेजाऱ्यांनी बोटे मोजली असतील, एवढेच. जानेवारी ते मार्चमधल्या अशा तारखा मी ‘१७४८/९’ अशा जोडीने लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

वयाच्या बाबतीतही असेच होते. शिळेवर ‘६०व्या वर्षात’ असे असेल तर माणूस एकोणसाठ पूर्ण होऊन गेलेला असतो. साठावे लागणे आणि साठ पूर्ण होणे यांत आपण बोलताना न चुकता भेद करतो, आणि शिळा वाचताना नेमका तोच विसरतो.

आता हौसेविषयी. घरबसल्या पुष्कळ दिसते, हे कोण नाकारील? वंशशोधासाठी नोंदी जमवणाऱ्या फॅमिलीसर्च या संस्थेने आपल्या चोवीस लाख मायक्रोफिल्मच्या गुंडाळ्यांचे डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण केले, आणि माझी ती विवाहनोंद मला पडद्यावरच मिळाली. मात्र आपण बहुतेक वेळा कागद पाहत नसून कागदाची सूची पाहत असतो; सूची करणाऱ्याने आडनाव चुकीचे वाचले, तर तो माणूस शोधणाऱ्यापुरता जगातून नाहीसा होतो. शिवाय काही दफ्तरे पडद्यावर कधीच येणार नाहीत, कारण ती उरलेलीच नाहीत. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातील सार्वजनिक दफ्तरखाना जळाला आणि आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ मधल्या वॉशिंग्टनच्या आगीत सापडले, आणि जे पाण्याने भिजून वाचले होते ते पुढे सरकारनेच नष्ट केले. अशा ठिकाणी एखाद्या भोळ्या शिळेची किंमत फार वाढते. शिळाही कायमची नसतेच : जर्मनीत कबरीची जागा साधारणपणे ठरावीक मुदतीने दिलेली असते, आणि मुदत संपून ती वाढवली गेली नाही तर दगड उचलला जातो.

शेजारच्या कबरी कोणाच्या, कोणते दोन दगड एकाच कुंपणात आहेत, दोन शिळांमध्ये एका माणसाएवढी जागा मोकळी का सोडली आहे, हे छायाचित्रात येत नाही. दफनभूमीच्या कचेरीत जागांचा नकाशा आणि जागा विकत घेणाऱ्यांची वही असेल तर त्या मोकळ्या जागेत कोण आहे, हेही कधीकधी कळते. माझ्या शिळेचे जे छायाचित्र इंटरनेटवर आहे, ते खापरपणजोबांच्या सालापाशी संपते. तेथे गेल्यावर दिसले की दगडाच्या पायथ्याशी गवत दाट माजले आहे आणि गवताच्या वर एका अक्षराचे टोक डोकावते आहे. रखवालदाराला विचारून मी गवत नुसते हाताने बाजूला धरले. खणले नाही, आणि विनापरवाना कोणी खणूही नये. खाली आणखी एक ओळ होती : ‘आणि त्यांची कन्या, वय सात आठवडे’. नाव नव्हते.

या मुलीची नोंद वहीत पूर्वीपासून होती, पण सूचीत आडनाव चुकलेले असल्यामुळे, आणि तिला शोधायचे आहे हेच मला ठाऊक नसल्यामुळे, मी ती कधी पाहिली नव्हती. दफन २० एप्रिल १८७३. सात आठवडे मागे गेले की मार्चचा पहिला आठवडा येतो, आणि ९ मार्चला आई गेलेली आहे. खापरपणजी कशाने गेली, हे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही, आणि मीही ते खात्रीने लिहिणार नाही. पण त्या दोन तारखा शेजारी ठेवल्यानंतर बराच वेळ मी दुसरे काही करू शकले नाही. आपल्या चौदा वंशावळींत ही मुलगी एकातही नाही.

हयात माणसांची नावे मी का देत नाही, असेही आपण ओझरते विचारले आहे. ती माहिती त्यांची आहे, एवढेच त्याचे उत्तर. इंग्लंडमध्ये जनगणनेची पाने शंभर वर्षे आणि अमेरिकेत बहात्तर वर्षे बंद ठेवतात, ती उगीच नव्हे.

शेवटी, आपण आपल्या पणजोबांच्या शिळेचा उल्लेख केला आहे, की तिच्यावरची तारीख वहीशी चार दिवसांनी जुळत नाही आणि म्हणून माझ्या पद्धतीने वहीच खरी धरावी लागेल. तसे मी म्हणणार नाही. ती तारीख वहीतल्या दफनाच्या आधीची आहे की नंतरची? आधीची असेल तर भांडणच नाही. मृत्यू आणि दफन यांत चार दिवस गेले असतील. नंतरची असेल तर त्या शिळेवर आणखी कोणाचे नाव आहे का, आणि असल्यास दोन्ही नावांची अक्षरे एकाच हातची दिसतात का, हे कृपया बाजूने ऊन पाडून पाहावे आणि कळवावे. अक्षरे वेगळ्या हातांची असतील आणि पणजोबांची ओळ अधिक झिजलेली असेल, तर ती त्यांच्या पाठोपाठ लगेच कोरलेली असण्याचा संभव आहे, आणि मग मी आपल्या शिळेच्या बाजूने उभी राहीन.