एकच ड्रायव्हर लावायचा, त्यात काय एवढं

फुल रेंज स्पीकरच्या, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर एकाच ड्रायव्हरने (आवाज काढणाऱ्या शंकूवाल्या भागाने) वाजवणाऱ्या स्पीकरच्या, नादी लागणारा माणूस मुळात आळशी असतो असं माझं प्रामाणिक मत आहे, निदान मी तरी त्याच कारणाने लागलो. नेहमीच्या स्पीकरमध्ये खालच्या स्वरांना एक वूफर, वरच्या स्वरांना एक ट्विटर आणि दोघांची भांडणं नकोत म्हणून मध्ये स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर, मग त्यात कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर, ते कुठल्या फ्रिक्वेन्सीला तोडायचं, उतार किती ठेवायचा, फेज कशी जुळवायची, कोण बसणार ते गणित करत. त्यापेक्षा एकच ड्रायव्हर घ्यायचा, अँपच्या दोन वायरी थेट त्याला जोडायच्या, डब्यात बसवायचा, विषय संपला. शिवाय वर तत्त्वज्ञानही आयतं मिळतं. टू-वे, म्हणजे अशा दोन ड्रायव्हरच्या, स्पीकरचा क्रॉसओव्हर साधारण २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातच सगळ्यात तिखट, म्हणजे जिथे कानाला सगळं कळतं तिथेच हे लोक सांधा मारतात, आपल्याकडे सांधाच नाही! हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता मी नुसतं 'आपल्याकडे' म्हटलं की बायको 'सांधाच नाही' म्हणून वाक्य पूर्ण करते आणि दुसऱ्या खोलीत जाते.

घोडं अडतं ते ड्रायव्हर निवडताना.

आधी काम काय आहे ते बघा. २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत जवळजवळ दहा सप्तकं. हवेतल्या लांबीत मोजलं तर खालच्या टोकाची लाट १७ मीटर आणि वरच्या टोकाची १७ मिलिमीटर. हे सगळं एका कागदाच्या शंकूने करायचं, तेही एकाच वेळी, तेही न चुकता. एकुलत्या एक मुलाकडून आईबापांच्या असतात तशा अपेक्षा आहेत या, त्याने डॉक्टरही व्हायचं, गायचंही छान, शिवाय घरातला नळ गळायला लागला तर तोही बघायचा. मुलगा यातलं काहीतरी एक बरं करतो आणि बाकीच्यासाठी आयुष्यभर बोलणी खातो. फुल रेंज ड्रायव्हरचंही तेच आहे, त्यामुळे गुण बघून ड्रायव्हर निवडताच येत नाही. कुठला दोष आपल्याला सोसवेल ते बघून निवडावा लागतो. हे कळायला वेळ लागतो आणि कळलं तरी पटत नाही.

साइजच घ्या. तीन इंची ड्रायव्हर वरचे स्वर मस्त पसरवतो, कारण लाट शंकूपेक्षा मोठी असेपर्यंत आवाज सगळीकडे जातो आणि लहान शंकूला ती सवलत बऱ्याच वरपर्यंत मिळते. पण बास म्हणजे शेवटी हवा ढकलणं. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर शंकूला चौपट हालावं लागतं, आणि तीन इंचीकडे हालायला असतात दोन-तीन मिलिमीटर. ढोलाचा ठोका आला की बिचारा अंगात आल्यासारखा थरथरतो. मग आठ इंची घ्यावा तर त्याचा शंकू भरतो साधारण साडेसोळा सेंटीमीटर, म्हणजे २ किलोहर्ट्झलाच लाट आणि शंकू एकाच मापाचे, त्याच्यावर आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर. झोतात बसलात तर झांजा अंगावर, एक खुर्ची सरकलात तर झांजा गायब.

यावर उपाय म्हणून मोठ्या शंकूच्या मध्यभागी एक छोटा शंकू चिकटवतात, त्याला व्हिझर म्हणतात. पॉल व्हॉइग्ट नावाच्या इंग्लंडमधल्या इंजिनियरने १९३०च्या दशकात हा उद्योग केला, म्हणजे राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली आजच्या पद्धतीचा मूव्हिंग कॉइल स्पीकर दाखवल्याला जेमतेम दहाएक वर्षं होत होती आणि तेवढ्यात लोकांना कळलं होतं की एका शंकूने भागत नाही. एका शंकूने भागत नाही म्हणून दुसरा शंकू, पण दोघांना हलवणारी कॉइल एकच, म्हणून तो अजून फुल रेंजच. आमच्या पंथात अशा सवलती भरपूर आहेत, पुढे येतीलच.

मग शंकू कशाचा, हा प्रश्न. यावर माणसं कायमची दुरावतात. कागदवाले म्हणतात कागदात जीव आहे, धातूवाले म्हणतात कागदात ओलावा आहे. फोस्टेक्स ही जपानी कंपनी केळीच्या झाडाचा धागा शंकूत वापरते, टँग बँडकडे बांबूचा शंकू मिळतो, मार्क ऑडिओने पातळ धातूच्या शंकूवर नाव काढलं आणि नंतर कागदाचेही काढले. केळीच्या धाग्याचं वाचल्यावर मी आठवडाभर घरात त्याबद्दलच बोलत होतो, शेवटी बायको म्हणाली, "अरे, आवाज कसा आहे ते सांग ना, झाड नको सांगूस." मुद्दा बरोबर होता पण आवाज ऐकायला ड्रायव्हर घ्यावा लागतो, घेतला की डबा करावा लागतो, आणि डबा केल्यावर न आवडून चालत नाही. म्हणून मग माणूस डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेला ड्रायव्हरच्या मापांचा कागद, वाचतो.

डेटाशीटचं एक तंत्र आहे, ते सांगतो. ग्राफची उभी पट्टी किती डेसिबलची आहे ते आधी बघायचं. तिच्यावर खूप डेसिबल कोंबले असतील तर डोंगरसुद्धा मैदान दिसतो. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिली की आवाज किती जोराचा येतो ते, लिहिताना २.८३ व्होल्टवर मोजलंय का एक वॅटवर तेही बघायचं, कारण आठ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट, पण चार ओहमला तेवढेच व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात, आणि कागदावर तीन डेसिबल फुकटात वाढतात. हे कळल्या दिवशी मला फार मोठं काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं होतं आणि मी एका मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं." पुढे काहीच नाही.

मग थील-स्मॉलचे आकडे. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनियरने १९६१ साली मूळ पेपर लिहिला, १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉलने त्यावर आणखी काम केलं, आणि तेव्हापासून ड्रायव्हर म्हणजे एफएस (शंकू आपणहून ज्या फ्रिक्वेन्सीला डोलतो ती), क्यूटीएस (ते डोलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा), व्हीएएस (शंकूच्या लवचिकपणाच्या तोडीची हवा किती ते). यातला क्यूटीएस फार महत्त्वाचा, तो ड्रायव्हरचा स्वभाव सांगतो. ढोबळ मानाने ०.३च्या खाली असेल तर मागे हॉर्न, म्हणजे रुंद होत जाणारा भोंगा, बांधा, ०.४च्या आसपास असेल तर भोकवाला बास रिफ्लेक्स डबा, ०.७च्या वर असेल तर डबाच नको, नुसत्या फळीवर उघडा बसवा. आता गंमत अशी की मला आवडलेल्या ड्रायव्हरचा क्यूटीएस कायम मला नको असलेल्या डब्याचा असतो. छोट्या डब्यासाठी शोधायला बसावं तर मन बसतं हॉर्नवाल्यावर, आणि हॉर्नवाल्याचा डबा कपाटाएवढा.

छोटा डबा, खोल बास आणि चांगली संवेदनशीलता, या तिघांतले कुठलेही दोनच मिळतात, तिसरं सोडावं लागतं. याला हॉफमनचा आयर्न लॉ म्हणतात, हे हॉफमन म्हणजे केएलएच कंपनीच्या नावातला एच. हा नियम वाचून प्रत्येक जण मान डोलावतो आणि मग आपल्यापुरती पळवाट शोधायला लागतो. मीही शोधली. पळवाटेचं नाव क्वार्टर वेव्ह पाइप. ड्रायव्हरच्या मागचा आवाज एका लांब नळीतून फिरवून आणायचा, नळीची लांबी लाटेच्या पाव, म्हणजे ४० हर्ट्झ हवे असतील तर २.१ मीटर. एवढा उंच स्पीकर छताला टेकेल म्हणून ती नळी मध्ये दुमडायची. कागदावर दुमडलेली नळी फार छान दिसते, आत वळणारे बाण वगैरे काढले की अजूनच. सुताराकडे तो कागद नेला, त्याने उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि विचारलं, "साहेब, याला दार कुठाय?"

दार नाही म्हटल्यावर त्याचा इंटरेस्ट कमी झाला, पण फळ्या त्याने अगदी काटकोनात कापून दिल्या, हे मान्य केलंच पाहिजे. घरी कापू नका. एमडीएफचा भुसा पिठाहून बारीक असतो, नाकातोंडात जातो, मास्क लावावाच लागतो आणि नंतर पुस्तकांच्या पानांतही सापडतो. चिकटवायला बसलात की क्लॅम्प कमी पडतात, कितीही असले तरी कमी पडतात, मग जाडजूड शब्दकोश आणि इस्त्री वजन म्हणून ठेवायची. आणि शेवटी ड्रायव्हर बसवताना पॉवर टूल बाजूला ठेवून साधा पेचकस घ्यायचा आणि दुसऱ्या हाताचा तळवा शंकूवर आडवा धरायचा. मागचं मॅग्नेट पेचकसाला असं ओढतं की स्क्रूवरून निसटलेलं टोक थेट शंकूतून आरपार जातं. त्या चार स्क्रूंच्या वेळात घरात कुणीही कुणाला हाक मारू नये असा नियम मी केलाय आणि तो पाळला जातो, फक्त दाराची बेल पाळत नाही.

एवढं करून लावलं तर आवाज कसा आला? पातळ. सुंदर, स्वच्छ, समोर बसून कुणीतरी गातंय असा, पण कंबरेखाली काही नाही. हा ड्रायव्हरचा दोष नाही, ही फळीची करणी. वरचे स्वर समोरच्या फळीवरून सगळे पुढे येतात, खालचे स्वर फळीला वळसा घालून मागेही जातात, आणि समोर मिळतात जास्तीत जास्त सहा डेसिबल कमी. फळी २० सेंटीमीटर रुंद असेल तर हा बदल, म्हणजे बॅफल स्टेप, साधारण ५७५ हर्ट्झच्या आसपास. उपाय सोपा आहे, एक कॉइल, दोनेक मिलिहेन्रीची, आणि तिला पॅरलल एक रेझिस्टर. वरचे स्वर तेवढे खाली येतात आणि सगळं समतोल होतं. ज्या ९० डेसिबलच्या आकड्यासाठी ड्रायव्हर घेतला ते ८४-८५ उरतात हा भाग वेगळा.

मित्र ऐकायला आला तेव्हा मागून वायरी बघत म्हणाला, "अरे पण हे कॉइल-रेझिस्टर? क्रॉसओव्हर नाही म्हणाला होतास ना?"

"हा क्रॉसओव्हर नाही, बॅफल स्टेप करेक्शन आहे."

"आणि हे दुसरं?"

"तो नॉच फिल्टर. शंकू ७ किलोहर्ट्झला जरा ओरडतो, तेवढा भाग गप्प करायला."

"आणि वर ही छोटी डबी?"

"सुपर ट्विटर. फक्त हवेशीरपणासाठी. एकच कपॅसिटर आहे."

तो खाली वाकला. टेबलाखाली सबवूफर होता. त्याबद्दल मी आपणहूनच सांगून टाकलं की फुल रेंजला खालून वूफरची मदत देण्याच्या पद्धतीला फास्ट म्हणतात, जगभर लोक करतात, आणि तोडतो आपण १५० हर्ट्झला, म्हणजे कानाच्या तिखट पट्ट्यापासून कितीतरी लांब. बोससारख्या कंपनीने १९६८ साली ९०१ काढला त्यात नऊच्या नऊ ड्रायव्हर फुल रेंज होते, ट्विटर नाही, वूफर नाही, तरी सोबत इक्वलायझरचा वेगळा डबा द्यावाच लागला होता त्यांना. मित्र म्हणाला, "म्हणजे थ्री-वे झाला की." काही लोकांना तत्त्व समजत नाही.

बरं, एवढं सगळं होऊन ऐकायचं कुठून, तर एकाच खुर्चीतून. खुर्चीच्या पायांपाशी फरशीवर टेपचे तुकडे लावलेत. बायको शेजारी बसली तर तिला डावा स्पीकरच ऐकू येतो, ती म्हणते अर्धंच गाणं लागलंय. त्यात नवा ड्रायव्हर म्हणजे शंभरेक तास वाजल्याशिवाय 'उघडत' नाही असं जाणकार सांगतात. शंकूला कडेने आणि मागून धरणारे सराउंड आणि स्पायडर सुरुवातीला थोडे सैल होतात हे खरं आहे, एफएस जरा खाली येतो, पण त्या शंभर तासांत ड्रायव्हरपेक्षा आपला कानच जास्त उघडत असावा असा मला दाट संशय आहे. तो संशय मी कुणाकडे बोलत नाही, कारण न आवडलेला ड्रायव्हर परत करायच्या मुदतीत घरात शांतता ठेवायला शंभर तासांचं कारण फार उपयोगी पडतं.

शेवटी कुणी विचारलंच तर मी सांगतो की पहिल्यांदा करताय तर चार इंची घ्या, कागदाचा घ्या, बंद डबा करा, सबवूफर लाज न बाळगता लावा, आणि हॉर्नची चित्रं बघू नका. हे ऐकून माणूस मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी हॉर्नचं चित्र पाठवतो.

मी स्वतः सध्या आठ इंचीवरून पाच इंचीवर यायच्या विचारात आहे. यात ड्रायव्हरपेक्षा वैताग भोकाचा. एकाच साइजच्या दोन कंपन्यांच्या ड्रायव्हरांचं भोक कधी सारखं नसतं, कुठे चार मिलिमीटर जास्त, कुठे स्क्रू चारऐवजी सहा, कुठे गोलाऐवजी कोपरे, म्हणजे ड्रायव्हर बदलला की समोरची फळी बाद. पुन्हा सुताराकडे गेलो.

"भोक केवढं, साहेब?"

"ते अजून ठरायचंय. दोन ड्रायव्हर डोक्यात आहेत."

तो काही बोलला नाही. मागच्या वेळच्या फळ्या, दार नसलेलं कपाट, कागदावरचे बाण, सगळं त्याला आठवत असावं. मग म्हणाला, "साहेब, असं करू, मागचं सगळं चिकटवून देतो, पण समोरची फळी नुसती स्क्रूवर ठेवतो. तुम्हाला लागणारच आहे ना काढायला."

मी म्हटलं, "चालेल, पण कडेने फोमची पट्टी लावा, हवा गळते."