‘एका क्लिकचं काम ताणलंय’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, एकच तुकडा (टाइल) शेजारी-शेजारी लावला तरी जोड दिसू नये असं डिझाइन कसं करायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइल सीमलेस नावाचा फिल्टर असताना मी ऑफसेट लावा (म्हणजे चित्र सरकवा), जोड मिटवा, परत ऑफसेट लावून बघा असं उगाच लांबवलंय, आणि दुसरं म्हणजे स्क्रीनवर जोड दिसत नाही म्हणून ते डिझाइन मागावर चालेल असं नसतं, सोलापुरात बसून लिहिताना एवढं तरी यायला पाहिजे होतं. दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, तो माझ्याकडून राहिला. पहिला मात्र पटत नाही, आणि का पटत नाही ते तुमच्या दुसऱ्या मुद्द्यातच आहे बघा.

तो फिल्टर करतो काय, तर तुमच्याच चित्राची एक कॉपी अर्धी रुंदी आणि अर्धी उंची सरकवतो आणि मूळ चित्रात ती हळूहळू मिसळून टाकतो. कडा जुळतात, मान्य. वाळू, गवत, खरबरीत भिंत असल्या फोटोला ते छान चालतं, कारण तिथं एकावर एक काय पडलंय ते कुणाला ओळखू येत नाही. पण मोर घ्या की. आजीच्या जुन्या चादरीवरचा मोर मी या फिल्टरमधून काढून बघितला, तर मोराच्या पोटातून दुसऱ्या मोराचा तुरा अर्धवट पारदर्शक दिसायला लागला. ती चादर दोनच रंगांची, मरून आणि क्रीम. मी त्याचं आधी स्वच्छ दोन रंगांत ड्रॉइंग करून घेतलं होतं आणि फिल्टर मारल्यावर मरून-क्रीमच्या मधल्या इतक्या छटा झाल्या की मोजायचं सोडून दिलं. मोबाईलच्या वॉलपेपरला हे खपेल. मागावर मधली छटा विणायची कशानं? तिला एकतर वेगळा धागा लागतो नाहीतर वेगळी वीण. म्हणजे जो फिल्टर तुम्ही सुचवताय तोच तुमच्या मागाला सगळ्यात जास्त नडतो.

ऑफसेट असं काही करत नाही. मेनूत लेयर, ट्रान्सफॉर्म, ऑफसेट, तिथं अर्धी रुंदी-उंची असं तयार बटणच आहे, आणि खाली रॅप अराउंड निवडायचं. उजवीकडून बाहेर गेलेले पिक्सेल डावीकडून आत येतात, एकही नवा रंग तयार होत नाही. कडेचा जोड अधिकच्या चिन्हासारखा मधोमध येतो आणि तिथं तुम्ही हातानं वेल जोडता, पाकळी पुरी करता. फक्त ब्रश नको, पेन्सिल टूल घ्या, ब्रशची कड मऊ असते आणि परत त्याच मधल्या छटा येतात. आणि साइज सम आकड्यात ठेवा म्हणजे बरोबर अर्धं सरकतं. क्रिटा हे चित्रं काढायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नुसतं डब्ल्यू दाबा, कॅनव्हास चारी बाजूंनी रिपीट होत राहतो आणि काढतानाच सगळं दिसतं, मला स्वतःला आता तेच जास्त आवडतं.

आता मागाचं, जे मी लिहायला हवं होतं. माझे मामा सोलापूरच्या पूर्व भागात जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर होते, लहानपणी तिथं कार्डांची माळ फिरताना मी तासन् तास बघत बसायचे. एका आडव्या धाग्याला एक कार्ड, सगळी कार्डं दोरीनं शिवलेली आणि शेवटचं कार्ड परत पहिल्याला शिवलेलं, म्हणजे शेवटची ओळ विणली की लगेच पहिली येणार. सॉफ्टवेअरमधलं रॅप अराउंड म्हणजे दुसरं काय आहे सांगा!

तर समजा, जेकार्डचे ३८४ हुक (उभे धागे उचलणारे आकडे) वापरायचेत आणि इंचाला उभे धागे ४८, तर रिपीट, म्हणजे डिझाइन एकदा पुरं होण्याची रुंदी, ८ इंचाचा झाला, कापड ६४ इंची असेल तर एकेका हुकाला आठ दोऱ्या आणि डिझाइन आडवं आठ वेळा. एक पिक्सेल म्हणजे एक हुक धरला तर फाइलची रुंदी ३८४ च पाहिजे, ३८५ नाही. उंचीला मात्र इंचाला आडवे धागे ३२ धरले तर तेच ८ इंच २५६ पिक्सेलमध्ये बसतात. म्हणजे कापडावर चौकोनी येणारा मोर स्क्रीनवर आडवा फाकलेला दिसणार, आणि घाबरून तो सरळ करायचा नाही, केला की कापडावर उभा ताणला जातो. मोठं चित्र काढून शेवटी लहान करायचं असेल तर स्केल करताना इंटरपोलेशन (शेजारच्या पिक्सेलचे रंग मिसळणं) नन ठेवा, आणि तरी कडा एकदा हातानं तपासाच.

अजून एक, जोड मिटला तरी काम संपत नाही हे मला खरंच मनापासून सांगायचंय. फाइल चार बाय चार लावून झूम कमी करून बघा, दोन बुट्ट्यांमधली मोकळी जागा आडव्या पट्ट्यासारखी चमकते, कडा तर कुठंही चुकलेली नसते. ते मोडायला शेजारची उभी रांग अर्धी उंची खाली सरकवतात, हाफ ड्रॉप. पण त्याला टाइल दोन मोटिफ (बुट्ट्या) रुंद लागते, म्हणजे वरच्या हिशोबात मोटिफ १९२ हुकांचाच करायचा आणि दुसरी रांग १२८ नं खाली. मोटिफनंच ३८४ खाल्ले असतील तर हाफ ड्रॉपला जागाच नाही. हे काढायला बसायच्या आधी ठरवावं लागतं, कुठलाही फिल्टर नंतर ते करून देत नाही.

मूळ लेखात मागाचा भाग आज टाकतेय. तुमच्याकडच्या जेकार्डला हुक किती आणि इंचाला धागे किती ते कळवा सर, त्याच मापाचा मोर करून टाकते, तुम्ही ग्राफ कागदावर उतरवून बघा आणि कुठं अडतंय ते सांगा.