‘प्रून नाऊ’ रोज रात्री चालवू नका

गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरणाऱ्या नागपुरातल्या डेव्हलपर मंडळींमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: “रेपो जड झाला? रोज रात्री क्रॉनने रिफ्लॉग एक्स्पायर करा आणि ‘गिट जीसी --अॅग्रेसिव्ह --प्रून=नाऊ’ चालवा. फक्त कचरा जातो, रेपो निम्मा होतो.” (रेपो म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास; क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय; रिफ्लॉग म्हणजे ब्रांच आधी कुठे होती याची आपल्याच मशीनवरची नोंदवही; ‘जीसी’ म्हणजे गिटची साफसफाई, ‘प्रून=नाऊ’ म्हणजे कचरा लगेच पुसणं.) परवा आयटी पार्कजवळ तर्री पोहे खाताना एका नव्या पोराला हाच सल्ला मिळताना ऐकला, म्हणून लिहायला बसलो.

“फक्त कचरा जातो.” गिटच्या लेखी कचरा म्हणजे ब्रांच (कामाची शाखा), टॅग (आवृत्तीला दिलेलं नाव), स्टॅश (अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवायची जागा), इंडेक्स (पुढच्या कमिटची, म्हणजे नोंदवायच्या बदलाची तयारी), रिफ्लॉग यांपैकी कुठूनही पोचता न येणारं ऑब्जेक्ट, म्हणजे गिटने साठवलेली फाइल किंवा कमिट. ते तुम्हाला हवंय की नकोय, हे त्याला कळत नाही. आमच्या टीममधल्या एकीने शुक्रवारी संध्याकाळी चुकून स्टॅश ड्रॉप केला. दोन दिवसांचं काम होतं. सोमवारी अशी पोचता न येणारी ऑब्जेक्ट दाखवणारं ‘गिट एफएससीके --अनरीचेबल’ चालवलं आणि निघालेल्या एकेका कमिटला ‘गिट शो’ लावत गेलो. बऱ्याच वेळाने स्टॅशची खूण असलेली, ‘डब्ल्यूआयपी ऑन’ने सुरू होणारी ओळ दिसली. ‘गिट स्टॅश अप्लाय’ला त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) दिला आणि सगळं परत आलं. मेसेजमधली क्रॉन तिच्या लॅपटॉपवर असती, तर त्या शुक्रवारी रात्रीच ते काम पुसलं गेलं असतं. ड्रॉप झालेल्या स्टॅशला रिफ्लॉगचाही आधार नसतो. असते ती साध्या ‘गिट जीसी’ने पाळलेली 2 आठवड्यांची मुदत, आणि तीही ऑब्जेक्टच्या फाइलच्या वेळेवरून मोजतात, ड्रॉप केल्यापासून नाही.

रिफ्लॉगचंही तेच. त्यातल्या नोंदी साधारण 90 दिवस राहतात, ब्रांचवरून सुटलेल्या कमिटांच्या 30 दिवस. रिबेस (कमिट दुसऱ्या पायावर नव्याने रचणं) फसला की आपण तिथेच धावतो. नव्या क्लोनमध्ये (रेपोच्या प्रतीत) रिफ्लॉग येत नाही, त्यामुळे सहकाऱ्याकडूनही मागता येत नाही.

शिवाय कमिट होताना ऑब्जेक्ट आधी लिहिलं जातं, ब्रांच शेवटी पुढे सरकते. सामायिक सर्व्हरवर नेमक्या त्या मधल्या क्षणी ‘प्रून=नाऊ’ चाललं, तर रेपोच बिघडू शकतो. मुदत ठेवण्यामागे हेही कारण आहे.

“रेपो निम्मा होतो.” बहुतेकदा होत नाही. कुणीतरी डेटाबेसचा डंप (त्यातली सगळी माहिती उतरवलेली फाइल) कमिट केला आणि पुढच्या कमिटमध्ये काढला, तरी जुन्या कमिटमधून तो पोचता येतोच. जीसी त्याला हातही लावत नाही. त्यासाठी ‘गिट फिल्टर-रेपो’ने इतिहास नव्याने लिहावा लागतो, तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात आणि टीममधल्या प्रत्येकाला नव्याने क्लोन करावं लागतं. डंपमध्ये पासवर्ड असेल, तर आधी तो बदला.

‘अॅग्रेसिव्ह’ जुने डेल्टा (जागा वाचवायला साठवलेले फरक) टाकून सगळे नव्याने काढतं. वेळ भरपूर खातं, रोज करण्यासारखं त्यात काही नाही. सुटी (पॅक फाइलमध्ये न बांधलेली) ऑब्जेक्ट सुमारे 6700 झाली की गिट स्वतःच आवराआवर करतं.

रेपो खरंच जड वाटत असेल, तर ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच’ चालवा. ‘साइज’ (सुट्या ऑब्जेक्टची जागा) मोठा असेल तर साधं ‘गिट जीसी’ बस आहे. ‘साइज-पॅक’ (पॅक फाइलींची जागा) मोठा असेल तर इतिहासातली जाडजूड फाइल शोधायला लागा.