केळीचा कंद अजून उपटू नका (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थंड देशात केळीसारख्या मोठ्या पानांच्या झाडांची बाग करण्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या परसात केळ लावलीत, मी सांगितलं तशी नोव्हेंबरात गुंडाळलीत, आणि मार्चमध्ये सोडलीत तर खुंटाचा नुसता लगदा. त्यापुढे तुम्ही लिहिलंय की ही सगळी हौस म्हणजे थंड देशात कोकणाचं सोंग आहे, फळ न देणारी केळ काय कामाची, आणि इथल्या मातीत इथलीच झाडं लावली तर निदान मधमाश्यांचं पोट भरेल.

केळीचं आधी सांगतो, कारण तिथे चूक माझी आहे. मी 'गुंडाळा' एवढंच लिहिलं. कशात गुंडाळायचं, कुठून उघडं ठेवायचं, यावर एक शब्द नाही. तुम्ही फुगेवालं प्लास्टिक घट्ट बांधलंत; माझ्या वाक्यावरून कोणीही तेच केलं असतं. २०१८ च्या फेब्रुवारीअखेरीस पूर्वेकडून कडाक्याची थंडी आली, त्या हिवाळ्यात इथे इंग्लंडमध्ये लीड्सला मीही प्लास्टिकच बांधलं होतं. सोडलं तेव्हा आतून पाणी ओघळत होतं. खुंटाची सोपटं एकामागून एक हातात आली, तपकिरी, बुळबुळीत, आंबलेल्या पिठासारखा वास. हे माहीत असून मी तुम्हाला सावध केलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपण लावतो ती केळ मूसा बासजू. मूळची चीनची, जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली. जमिनीखालचा तिचा कंद थंडी सोसतो. थंडी आणि ओल एकत्र आली की वरचा खुंट सडतो. म्हणून पहिल्या गोठलेल्या दहिवराने पानं काळी पडली की ती कापायची, खुंटाभोवती हातभर अंतर सोडून कोंबड्यांच्या जाळीचं कडं उभं करायचं आणि आत कोरडं काड सैल भरायचं, दाबून नाही. पावसासाठी झाकण फक्त वरून. बाजू उघड्या. वारा खेळला पाहिजे. प्लास्टिक लावायचंच तर त्या झाकणापुरतं.

आता सोंगाबद्दल. तुमचा हा शब्द मला लागला, कारण सुरुवातीला मी तेच करायला निघालो होतो. सोनटक्का आणला. तीन वर्षं नुसती पानं आली, फूल एक नाही. इथला उन्हाळा त्याला पुरतच नाही. मग तो सोडला आणि त्याचाच हिमालयाकडचा भाऊबंद लावला, फ्रँक किंगडन-वॉर्ड या वनस्पती-संग्राहकाने १९३८ साली आसामातून आणलेला, नारिंगी कणसासारख्या तुऱ्याचा. तो दर ऑगस्टमध्ये फुलतो, कंद जमिनीतच राहतो. कुंपणाजवळचा पंख्याच्या पानांचा ताड चीनमधला. रॉबर्ट फॉर्च्युन या दुसऱ्या वनस्पती-संग्राहकाने १८४९ मध्ये तो इंग्लंडला पाठवला आणि बर्फ झेलत तो इथे उभा आहे. माझ्या बागेतली बरीचशी झाडं दिसायला उष्ण प्रदेशातली, पण थंडी ओळखणारी आहेत. आणि आपण कोकणातली म्हणतो ती विहिरीजवळची कर्दळ तरी कुठली? अमेरिकेतली.

ही हौस आपण इथे आणलेली नाही, हेही सांगायला हवं. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये जॉन गिब्सनने १८६० च्या दशकात मोठ्या पानांची अशी बाग उभी केली होती. हा माणूस तरुणपणी झाडं गोळा करायला खासी टेकड्यांत जाऊन आलेला. इंग्लंडमधल्या ग्रेट डिक्स्टर या आपल्या घरच्या बागेत क्रिस्टोफर लॉइड या बागकाम-लेखकाने १९९३ मध्ये जुनी गुलाबबाग उपटून केळी, कर्दळी, डेलिया लावले तेव्हा लोक हळहळले. आज तीच बाग बघायला लांबून माणसं येतात.

आणि जूनमधला इथला दिवस! लीड्सला सतरा तास उजेड, रत्नागिरीत जेमतेम तेरा. भरपूर पाणी आणि शेणखत मिळालं की जुलै-ऑगस्टमध्ये केळ दर आठवड्याला एक पान सोडते. सकाळी सुरळी असते, दोन दिवसांत माझ्या खांद्याएवढं पान. हे मी कोकणात पाहिलेलं नाही, इथेच पाहिलं. फळ नाही, मान्य. पण गणपतीत आमच्याकडे नैवेद्य याच पानांवर वाढला जातो आणि पानग्याही यातच भाजतो. वाऱ्याने चिंध्या व्हायच्या आत कापायची, एवढंच.

मधमाश्यांबाबत मात्र तुमचं बरंचसं खरं आहे. विस्लीच्या आपल्या बागेत रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधल्या बागकाम संस्थेने देशी, जवळच्या प्रदेशातली आणि दूरदेशीची अशी झाडं शेजारी-शेजारी लावून चार वर्षं कीटक मोजले. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पहिल्या दोन गटांकडे परागीकरण करणारे कीटक जास्त येत होते. दूरदेशीच्या झाडांचा उपयोग हंगामाच्या शेवटी, बाकीची फुलं सरल्यावर. हे वाचल्यावर मी दुहेरी पाकळ्यांचे डेलिया काढून एकेरी लावले, कारण भरगच्च फुलात माशीला मधापर्यंत पोचता येत नाही. पश्चिमेला इथल्याच हॉथॉर्न या काटेरी झुडपाचं कुंपण घातलं. मे महिन्यात ते मधमाश्यांनी घुमतं आणि वर्षभर केळीचा वारा अडवतं. मूळ लेखात हे यायला हवं होतं. आज भर घालतो आहे.

तुम्ही लिहिलंय की येत्या शनिवारी सगळं उपटून टाकणार. कृपा करून थांबा. सडलेला भाग धारदार सुरीने थोडा-थोडा खाली कापत जा, आतलं पांढरं आणि घट्ट लागेपर्यंत. मग माती बाजूला करून कंद अंगठ्याने दाबून बघा. बटाट्यासारखा टणक लागला तर तो जिवंत आहे. जूनअखेरपर्यंत वाट बघा. तुमच्याकडे माती उशिरा तापते. कंद मऊ लागला तर मला कळवा. माझ्या केळीला यंदा तीन मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, आहेत. एक कुंडीत लावून ठेवतो, तो तुमचा.