कॉम्प्रेशन लागलं म्हणजे इंजिन चांगलं, हे खरं नाही

नागपुरातल्या आमच्या टू-स्ट्रोकवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: ‘जुनं कार्ट इंजिन (रेसिंगच्या गो-कार्टचं) मिळालं तर उघडू नका, सेटिंग बिघडते. हाताने फिरवा, कॉम्प्रेशन लागलं की माल पक्का. ऑइल जरा जास्त टाकून चालू करा, चालता चालता मोकळं होतं.’ कॉम्प्रेशन म्हणजे फिरवताना पिस्टनच्या वर दाबल्या गेलेल्या हवेचा हाताला लागणारा जोर. हे ऐकून कुणी यामाहा केटी100 किंवा मॅककलकचं कार्ट इंजिन वाया घालवू नये, म्हणून लिहितोय. यांचे पार्ट आरएक्स100 सारखे कोपऱ्यावर मिळत नाहीत.

सिलिंडरमध्ये जुनं ऑइल साचलं असेल तर पिस्टनच्या झिजलेल्या रिंगासुद्धा कॉम्प्रेशन दाखवतात. शिवाय कॉम्प्रेशन सांगतं फक्त पिस्टनच्या वरचं. खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत, काय झालंय ते त्यातून कळत नाही, आणि पाणी खालीच साचतं. माझ्याकडे आलेलं एक इंजिन दोन उन्हाळे डेझर्ट कूलरच्या खोलीत फळीवर पडून होतं. फिरवलं तर छान दम लागत होता. बॅरल (सिलिंडर) काढून पिस्टन आणि क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढला, तर टक टक वाजला. रॉड बाजूला थोडा सरकला तर चालतं, वर-खाली अजिबात हलता कामा नये. क्रँक उघडला तेव्हा बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगच्या, रोलरवर गंजाचे खड्डे होते. दहा हजारांच्या वर आरपीएम घेणारं इंजिन तसंच पळवलं असतं तर रॉड तुटून केस फुटली असती.

‘उघडू नका’ म्हणणाऱ्यांनी निदान एक्झॉस्टचा पाइप तरी सोडावा. पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या भोकातून, टॉर्च मारा, पिस्टनवरचे उभे ओरखडे लगेच दिसतात. लाकडी काडीने रिंग हलकेच दाबा; स्प्रिंगसारखी परत आली तर मोकळी आहे. रेसिंगमध्ये एरंडेलाचं ऑइल खूप वापरलं जायचं. ते वाळलं की लाखेसारखं घट्ट होतं, रिंग खाचेतच चिकटते, आणि नुसतं पळवून ती सुटेल याचा भरवसा नाही.

जास्त ऑइलचा सल्ला तर उलटाच आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळतात. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, तोच राहतो, त्यातून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी होतं. म्हणजे इंजिन लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालतं आणि जास्त तापतं. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात एअर-कूल्ड इंजिनाला हे परवडत नाही.

बरीच इंजिनं मात्र क्रँकच्या दोन्ही टोकांच्या रबरी सीलमुळे जातात. सील कडक झालं की तिथून हवा आत शिरते, मिश्रण पुन्हा लीन, आणि पिस्टन सिझ, म्हणजे तापून जाम. तपासायला फार लागत नाही: इनटेक आणि एक्झॉस्ट रबर लावून बंद करा, पंपाने 5-6 पीएसआय हवा भरा, साबणाचं पाणी लावा. परवा एका इंजिनाला असंच लावलं, तर मॅग्नेटच्या (स्पार्कसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूला बारीक बुडबुडे आले. सील ओढून काढलं आणि त्याची कड नखाने दाबली, तर वाळल्या पापडासारखी तुटली.