खुलासा: ‘यूलिमिट अनलिमिटेड’ केल्याने थ्रेडचा स्टॅक वाढत नाही

ओपनएमपी (प्रोग्रामचं काम एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडमध्ये वाटण्याची सोय) वापरणारा प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या वापराची चूक) देऊन कोसळला, की ‘यूलिमिट -एस अनलिमिटेड’ करा, म्हणजे स्टॅकची (फंक्शनचा स्थानिक डेटा राहतो ती मेमरी) मर्यादा काढून टाका, असा सल्ला सगळीकडे फिरतो. तो अर्धवट आहे आणि लिनक्सवर कधीकधी उलटतोही.

ती मर्यादा लागू होते मुख्य थ्रेडला. बाकीच्या थ्रेडचा स्टॅक ते तयार होतानाच ठरतो आणि पुढे वाढत नाही. जीलिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) त्यासाठी हीच मर्यादा आकार म्हणून घेते, बहुधा ८ एमबी. पण मर्यादा ‘अनलिमिटेड’ असेल, तर आकार म्हणून घ्यायला आकडाच उरत नाही. मग एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४-बिट प्रोसेसर) वर जीलिबसी २ एमबी धरते. म्हणजे स्टॅक घटला! ६००×६०० चा डबल अ‍ॅरे (प्रत्येक आकडा ८ बाइटचा) २८,८०,००० बाइट खातो: ८ एमबीत आरामात बसतो, २ एमबीत नाही.

खरा उपाय ‘ओएमपी_स्टॅकसाइझ’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल; थ्रेडच्या स्टॅकचा आकार तो ठरवतो. प्रोग्राम सुरू करण्याआधी त्याला १६एम द्या. ‘एम’ विसरू नका; नुसता १६ म्हणजे १६ केबी.

जीफोरट्रान या फोरट्रान कंपायलरमध्ये ओपनएमपी चालू करणारा ‘-एफओपनएमपी’ पर्याय लावताच स्थानिक अ‍ॅरे स्टॅकवर जातात, म्हणून एरवी नीट चालणारा कोडही तेव्हा पडतो.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी मात्र वापरणाऱ्याच्या स्टॅकवर विसंबूच नये. मोठे बफर हीपवर (प्रोग्राम मागेल तशी मिळणारी, स्टॅकबाहेरची मेमरी) घ्या, प्रत्येक थ्रेडला वेगळा, तोही लूपच्या बाहेर एकदाच, आणि ६४ बाइटच्या सीमेवर. नाहीतर दोन थ्रेड एकाच कॅश लाइनसाठी (प्रोसेसर एकावेळी हाताळतो तो मेमरीचा तुकडा) झटत बसतात.