सागवानी नेक, मिठातल्या तारा आणि एक फॉरवर्ड

गेले पंधरा दिवस बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बेस गिटार (खालच्या सुरांची, चार जाड तारांची गिटार) वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘बेसचा खरा आवाज कुठून येतो’ असं शीर्षक, खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘प्रत्येक बेस वादकापर्यंत पोचवा’. मुद्दे असे: बेसचा ऐंशी टक्के आवाज नेकच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीच्या, लाकडात, तारांचा वाटा फक्त वीस टक्के. आपलं सागवान आणि शिसवी विदेशी मेपलपेक्षा कठीण, म्हणून त्यांच्या नेकला ट्रस रॉड (नेकच्या आतली, आवळून बाक काढायची धातूची सळई) लागतच नाही. तार जितकी जाड तितका आवाज खोल. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेढ्याच्या, तारा फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खातात. मेलेल्या तारा मीठ घालून उकळल्या की नव्यासारख्या होतात.

एरवी सोडून दिलं असतं. पण माझ्या भाच्याने तो वाचून चांगल्या चालत्या बेसची नेक उतरवून ठेवलीय आणि सुताराला सागवानी फळीचं माप देऊन आलाय. आता गप्प कसं बसायचं?

ट्रस रॉडपासूनच सुरू करतो, कारण खरं नुकसान तिथं आहे.

मेसेज लिहिणाऱ्याने कठीण आणि ताठ यात गल्लत केलीय. कठीण म्हणजे लाकडात खिळा किंवा नख रुतायला किती जोर लागतो ते. ताठ म्हणजे ओढ पडल्यावर लाकूड किती कमी वाकतं ते. शिसवी, म्हणजे इथल्या लाकूडअड्ड्यावर कन्नडात जिला ‘बीटे’ म्हणतात ती, मेपलपेक्षा बरीच कठीण आहे, वादच नाही. पण ताठपणा मोजला तर हार्ड मेपल सुमारे १२.६ गिगापास्कल, सागवान सुमारे १२.३ आणि शिसवी सुमारे ११.५. म्हणजे सागवान मेपलच्या बरोबरीला आणि शिसवी उलट जरा मागेच. मग मेपलला रॉड लागतो आणि यांना लागत नाही, हे कुठल्या हिशेबाने?

आता ओढ बघा. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), नेहमीचं ई-ए-डी-जी ट्यूनिंग, ४५ ते १०५ चा सेट (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). प्रत्येक तारेची ओढ साधारण १८ ते २३ किलो, चारींची मिळून ८० च्या आसपास. सिमेंटची दीड पोती रात्रंदिवस, वर्षानुवर्षं, जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीच्या पट्टीला ओढतायत. सततच्या ओझ्याखाली लाकूड हळूहळू बसतं, ओझं काढलं तरी पुरतं परत येत नाही. कौलारू घरातल्या माळ्याखाली उभं राहून तुळईकडे नजर लावा. तीही सागवानीच असते आणि तिलाही बाक आलेला असतो.

शिवाय रॉड म्हणजे दुबळ्या लाकडाला दिलेली कुबडी नव्हे. बेसची तार मोठा हेलकावा घेते, त्यामुळे नेक मधोमध किंचित खोलगट लागते. हा खोलगटपणा म्हणजे रिलीफ. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघा. फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या वरच्या फळीच्या) गोलाईप्रमाणे ०.३० ते ०.३५ मिलिमीटर फट ठीक. फार जास्त असेल तर मधल्या फ्रेटवर तार उंच राहते आणि बोटं दुखतात. अजिबात नसेल तर पहिले चार-पाच फ्रेट खरखरतात. रॉड असला की पाव फेऱ्यात काम होतं. नसेल तर फ्रेट काढून फ्रेटबोर्ड रंधून घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

आणि आपल्याकडे हे एकदा करून भागत नाही. एप्रिलच्या कोरड्या उन्हात बसवलेली नेक जुलैत, खानापूरकडच्या त्या ओल्या हवेत, तशीच राहत नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं. गणपतीतल्या कार्यक्रमाला बेस बाहेर काढला की ‘तारा खराब झाल्या’ अशी ओरड होते. तारांचा काही दोष नसतो, रिलीफ हललेला असतो. जूनमध्ये एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा रिलीफ मोजा. रॉड आवळण्याआधी तारा थोड्या ढिल्या करा, एका वेळी पाव फेरा, मग परत ट्यून करून मोजा. ॲलन की नेमक्या मापाची हवी. रॉडच्या ५ मिलिमीटरच्या नटात ३/१६ इंचाची की जाते, पण सैल बसते आणि नटाचे कोपरे गुळगुळीत करून टाकते.

बिनरॉडचा प्रयोग जगाने आधीच करून बघितलाय. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या १९५० सालच्या अगदी सुरुवातीच्या एस्क्वायर गिटारी रॉडशिवाय निघाल्या होत्या, मेपल कठीण आहे याच भरवशावर. नेक वाकायला लागल्या आणि रॉड घालावा लागला. ती तर सहा बारीक तारांची गिटार होती.

ग्रुपवर एकाने लगेच विचारलं, ‘मिरजेच्या सतारीच्या दांडीत कुठं सळई असते?’ नसते. पण सतारीची बाजाची तार साधारण ०.३० मिलिमीटरची, तिची ओढ सहा किलोच्या आसपास. पडदे उंच, कमानदार आणि दोऱ्याने बांधलेले, म्हणजे सरकवता येणारे. दांडी एखाद्या मिलिमीटरने वाकली तरी सतारियाचं अडत नाही. बेसवर एवढा बाक आला तर वाद्य खुंटीला टांगायचं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. जुन्या वाड्याच्या चौकटीचं पन्नास वर्षं वाळलेलं सागवान नेकला वाईट नाही, हवेप्रमाणे ते कमी हलतं. करायचीच असेल तर करा, पण दुहेरी (दोन्ही बाजूंनी बाक काढणाऱ्या) रॉडसाठी खाच पाडून. शिरा फ्रेटबोर्डच्या पृष्ठभागाला उभ्या येतील अशी फळी निवडा. सागवान आणि शिसवी तेलकट असल्यामुळे चिकटवण्याआधी सांधा ॲसिटोनने पुसा, नाहीतर वर्षभरात फ्रेटबोर्ड उचलतो. शिसवीला वनखात्याची कागदपत्रं लागतात, तेही सुताराला विचारून घ्या.

आता ते ऐंशी टक्के. कुणी मोजले, कशाने मोजले, काही नाही. नेकबद्दल ज्यांनी खरंच मोजमाप केलं त्यांच्यात हेल्मुट फ्लायशर आणि टिलमन झ्विकर या जर्मन संशोधकांचं १९९० च्या दशकातलं काम मी प्रमाण मानतो. आधी इलेक्ट्रिक गिटारवर आणि पुढे फ्लायशर यांनी बेसवरही तेच तपासलं. नेक प्रत्येक फ्रेटपाशी त्या-त्या सुराच्या कंपनाला किती ‘ढिली’ पडते, हे त्यांनी मोजलं. जिथं नेक सहज हलते तिथं तारेची ताकद नेक पिऊन टाकते आणि सूर लवकर मरतो. वाजवणारे याला डेड स्पॉट म्हणतात. ब्रिजची, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात ती, बाजू त्या मानाने हलतच नाही.

म्हणजे नेक आवाज घालत नाही, ठरावीक जागी काढून घेते. फेंडर पद्धतीच्या बहुतेक बेसवर ही जागा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असते, साधारण १३१ ते १४७ हर्ट्झ. ॲम्प बंद ठेवून एकेक फ्रेट वाजवा आणि सूर किती सेकंद टिकतो ते मोजा. मग हेडस्टॉकचं (नेकच्या टोकाच्या, खुंट्यांच्या भागाचं) टोक लाकडी कपाटाला टेकवून तोच फ्रेट वाजवा, फरक लगेच कळेल. हेडस्टॉकला कापड गुंडाळून शंभर-दोनशे ग्रॅमचा छोटा क्लॅम्प लावला तर मेलेली जागा एखाद्या फ्रेटने खाली सरकते. लाकूड तेच, वजन बदललं. म्हणून ‘मेपल कडक, शिसवी गोड’ ही विभागणी मला पटत नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत जेवढा फरक निघतो, तेवढ्यात तिचा निकाल लागतो. नेकचा परिणाम होतो, हे अर्धसत्य त्या मेसेजला देऊन टाकू. पण तो होतो ताठपणा आणि वजन यांमुळे, लाकडाच्या नावामुळे नाही.

आणि फ्रेटवर दाबलेली तार फ्रेटच्या धातूला टेकते, लाकडाला नाही. फ्रेटलेस बेसची गोष्ट वेगळी, तिथं तार थेट लाकडावर बसते.

तारांचं मात्र कुणालाही ऐकू येतं. त्याच बेसवरून राउंडवाउंड काढून फ्लॅटवाउंड चढवा, शेजारच्या खोलीतला माणूससुद्धा ‘काय बदललंस?’ म्हणेल. राउंडवाउंडला गोल तारेचा वेढा, म्हणून वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर) भरपूर आणि बोटांची खरखरही. फ्लॅटवाउंडला चपट्या पट्टीचा वेढा, आवाज गोलसर आणि लवकर विरणारा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन फेंडरच्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. स्टेनलेस स्टील सगळ्यात झगझगीत, निकेल चढवलेलं स्टील त्याखाली. ॲकॉस्टिकच्या ब्रॉन्झ तारा मात्र बेसवर चढवू नका. ब्रॉन्झचा वेढा चुंबकीय नसतो, पिकअपला (तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकाला) आतला बारीक गाभाच ‘दिसतो’ आणि आवाज मरतुकडा येतो.

जाडीचा मुद्दा सरसकट खोटा नाही, अर्धवट आहे. सूर आणि स्केल तेच असेल तर ओढ जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. ४५ ऐवजी ४० घातली तर जाडी ११ टक्के कमी आणि ओढ २१ टक्के कमी. पण ई तार कितीही जाड घ्या, ती ४१.२ हर्ट्झलाच वाजणार. फार जाड तार उलट आखडते, वरचे स्वरांश बेसूर होतात आणि खोल वाटण्याऐवजी गढूळ वाटतं. हेडस्टॉकजवळच्या नटाच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत ती बसते का, हेही बघा.

फ्लॅटवाउंड फ्रेट खातात हे तर साफ उलटं. फ्रेट झिजवतात त्या राउंडवाउंड, त्यातही स्टेनलेस.

राहिलं मीठ. राउंडवाउंडच्या वेढ्यात घाम, तेल आणि मळ साठतो म्हणून तारेचा आवाज बसतो. उकळल्याने तो निघतो, इतकं खरं. पण मीठ गंज आणतं, आणि वेढ्याच्या आत शिरलेलं मीठ नुसत्या धुण्याने निघत नाही. साधं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, दहा मिनिटं, मग स्वच्छ पाण्यात खळबळून लगेच कोरडं पुसा आणि उन्हात वाळवा. चमक काही दिवसच टिकते. दर वेळी खुंटीवरचा बाक उलगडून पुन्हा गुंडाळल्याने तार तिथंच तुटते, म्हणून दोनदा पुरे. याहून बरं म्हणजे टोपण लावलेल्या पीव्हीसी पाइपमध्ये स्पिरिट भरून तारा रात्रभर बुडवायच्या. गॅसपासून लांब ठेवा, पेट घेतं. टेपवाउंड (नायलॉनच्या पट्टीचा वेढा असलेल्या) तारांना यातलं काहीच करू नका.

तर भाचोबा, जुनी नेक परत बसव. चारही स्क्रू आधी उलटे फिरवायचे, जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसले की मगच हाताने आवळायचे. ड्रिल लावायचं नाही. मग ४५ ते १०५ चा नवा सेट चढवून रिलीफ मोज. सुताराने फळी कापलीच असेल तर पेडलबोर्ड (इफेक्ट पेडल ठेवायची फळी) कर तिचा.